मेजर जनरल फुलर : रणगाडे, राजकारण आणि वाद

श्रोतेहो, नमस्कार.

२० एप्रिल १९३९ रोजी हिटलरच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त बर्लिनमध्ये भव्य लष्करी संचलन झाले. रणगाडे आणि चिलखती गाड्यांच्या रांगा तासन्‌तास पुढून जात होत्या, आणि त्या पाहणाऱ्या निमंत्रितांमध्ये एक निवृत्त ब्रिटिश अधिकारी होते, मेजर जनरल जॉन फ्रेडरिक चार्ल्स फुलर. 'आपली मुले पाहून समाधान झाले ना?' असे हिटलरने त्यांना विचारले. त्यावर फुलर म्हणाले, 'ती इतक्या झपाट्याने वाढली आहेत, की मला आता ओळखू येत नाहीत.' हा प्रसंग फुलर यांनीच सांगितलेला असल्याने त्यात तिखटमीठ किती, हे ज्याने त्याने ठरवावे. त्या मुलांचे, म्हणजे रणगाड्यांचे, पितृत्व मात्र अगदीच काल्पनिक नव्हते.

फुलर यांचा जन्म १८७८चा. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात लढल्यानंतर त्यांची पलटण हिंदुस्थानात आली आणि येथे त्यांना योगशास्त्राची गोडी लागली. पुढे १९२५ साली त्यांनी योगावर पुस्तकही लिहिले. त्याआधी अ‍ॅलिस्टर क्रौली या वादग्रस्त गूढवाद्याचे ते काही वर्षे निस्सीम चाहते होते. गुप्त ज्ञान मोजक्यांनाच उमगते आणि उरलेल्यांनी त्यांच्यामागून चालावे, ही धारणा त्यांच्या मनात तेव्हापासून दिसते, म्हणूनच हा तपशील मला किरकोळ वाटत नाही.

पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश रणगाडा दलाचे प्रमुख स्टाफ अधिकारी झाले. खंदक, काटेरी तारा आणि मशीनगन यांपुढे पायदळ हजारोंच्या संख्येने कापले जात असताना, २० नोव्हेंबर १९१७ रोजी फ्रान्समधील काँब्रे येथे चारशेहून अधिक रणगाडे एकाच वेळी पुढे सरकले आणि एका दिवसात त्यांनी काही मैलांची मुसंडी मारली. या हल्ल्याच्या आखणीत फुलर यांचा मोठा वाटा होता. इंग्लंडमध्ये विजयाच्या घंटा वाजल्या. पण राखीव सैन्य अपुरे पडले आणि दहा दिवसांनी जर्मनांनी प्रतिहल्ला करून बराचसा प्रदेश परत घेतला.

मार्च १९१८ मध्ये जर्मन हल्ल्यापुढे ब्रिटिश आघाडी कोलमडली, तेव्हा सैनिकांचे धैर्य खचण्याआधी त्यांना हुकूम देणारी मुख्यालये निकामी होतात, हे फुलर यांनी पाहिले. त्यातूनच त्यांची 'प्लॅन १९१९' ही योजना निघाली. वेगवान रणगाड्यांनी आघाडी भेदून थेट शत्रूच्या मुख्यालयांवर झडप घालायची, विमानांनी त्यांना साथ द्यायची, आणि सैन्याचा मेंदूच बंद पडला की हातपाय आपोआप लुळे पडतील, असा तिचा गाभा होता. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध संपले आणि योजना कागदावरच राहिली. तिच्यातील बीज पुढे जर्मनीत रुजले. जर्मन रणगाडा दलाचे सेनापती गुडेरियन यांनी फुलर यांचे ऋण मान्य केले आहे. अर्थात जर्मनांचे स्वतःचे डावपेचही जुने होते, त्यामुळे सारे श्रेय फुलर यांना देणे अन्यायाचे ठरेल.

मायदेशी मात्र त्यांचे कोणाशी पटेना. १९२७ साली टिडवर्थ येथे यांत्रिक दलाच्या प्रयोगाचे नेतृत्व त्यांच्याकडे चालून आले, पण त्यासोबत पायदळाची ब्रिगेड आणि छावणीचा कारभारही सांभाळायचा होता. ही जबाबदारी मूळ कामाला मारक ठरेल, असे म्हणून त्यांनी थेट राजीनामा दिला आणि नंतर तो मागे घेतला. तक्रारीत तथ्य होते, पण ज्या प्रयोगासाठी ते वर्षानुवर्षे भांडले, तो त्यांच्याविनाच पार पडला. वरिष्ठांना ते जाहीरपणे मठ्ठ ठरवत, आणि वरिष्ठ ते विसरत नसत. पुढे त्यांना मुंबईतील एका दुय्यम क्षेत्राचे अधिपत्य देऊ केले गेले, तेही त्यांनी नाकारले. १९३३ मध्ये ते निवृत्त झाले.

पुढच्याच वर्षी त्यांनी ऑसवल्ड मोस्ले यांच्या फॅसिस्ट पक्षात प्रवेश केला. युद्धशास्त्राचा पंडित राजकारणात भरकटला, असे म्हणून अनेक चरित्रकार हा भाग हातावेगळा करतात. मला ते पटत नाही. गर्दीविषयीचा तिरस्कार, वादविवादाचा कंटाळा आणि एकाच मेंदूने सारे शरीर चालवावे ही ओढ त्यांच्या रणनीतीतही होती. रणांगणावर ज्या गोष्टीला त्यांनी शिस्त म्हटले, तीच त्यांनी राष्ट्रावर लादू पाहिली. शिवाय त्यांच्या लेखनात ज्यूद्वेष उघडपणे आढळतो, आणि त्याला लष्करी विचारांचा कोणताही आडोसा मिळू शकत नाही.

१९४० मध्ये मोस्ले स्थानबद्ध झाले, फुलर झाले नाहीत. याची कारणे आजही वादाचा विषय आहेत. युद्धात त्यांना पद मिळाले नाही, तरी वृत्तपत्रांतील त्यांचे समालोचन चालू राहिले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात त्यांनी शहरांवरील बाँबवर्षाव आणि बिनशर्त शरणागतीची मागणी, या दोस्त राष्ट्रांच्या दोन्ही धोरणांवर कठोर टीका केली. ते आक्षेप आजही इतिहासकार गांभीर्याने तपासतात. ते वाचताना मला मात्र बर्लिनच्या त्या संचलनातील पाहुण्याची खुर्ची आठवत राहते. १९६३ साली ब्रिटनमधील एका जुन्या लष्करी अभ्यास संस्थेने फुलर आणि ब्रिटिश युद्धविषयक लेखक लिडेल हार्ट यांना सुवर्णपदक दिले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९६६ मध्ये, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी फुलर यांचे निधन झाले.