खोलीतला जोडीदार कुणी ठरवायचा?

नमस्कार श्रोतेहो.

कॉलेजच्या प्रवेशफेऱ्या संपत आल्या की वसतिगृहाच्या रेक्टरांचा फोन वाजायला लागतो. "साहेब, आमच्या मुलाला आपल्याकडचाच पार्टनर द्या." आपल्याकडचा म्हणजे कधी गावाकडचा, कधी जातीतला, कधी नुसता तेवढेच मार्क पडलेला. पहिल्यांदाच घराबाहेर निघालेल्या लेकराची काळजी त्यामागे असते. तरीही रेक्टरांनी ही विनंती मान्य करू नये, असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेत डार्टमथ नावाचं जुनं कॉलेज आहे. 1990 च्या दशकात तिथं नव्या मुलांना मोजकेच प्रश्न विचारत: सिगारेट ओढता का, अभ्यास करताना गाणी लावता का, रात्री उशिरापर्यंत जागता का, टापटीप लागते की पसारा चालतो? उत्तरांवरून गट पाडायचे आणि त्यापुढं कोण कुणाच्या खोलीत, ते नशिबावर सोडायचं. ब्रूस सॅसरडोट या अर्थशास्त्रज्ञानं त्या मुलांची माहिती तपासून 2001 साली निष्कर्ष छापले. जोड्या नशिबानं पडलेल्या, त्यामुळे हुशार मुलांनी हुशारच जोडीदार निवडला असेल ही शंका उरली नव्हती. जोडीदाराचा परिणाम मार्कांवर दिसला, कुठल्या विद्यार्थी मंडळात जायचं यावरही दिसला. मुख्य विषय कोणता घ्यायचा, यावर मात्र दिसला नाही.

मग मुलांनाच जोडीदार निवडू द्यावा का? यात एक गणिती पेच आहे. गेल आणि शॅपली या दोन गणितज्ञांनी तो 1962 साली दाखवला. चार मुलं घ्या: अ, ब, क आणि ड. अ ला हवा ब, ब ला हवा क, क ला हवा अ, आणि ड सगळ्यांच्याच यादीत शेवटी. आता खोल्या कशाही वाटा. ज्याच्या वाट्याला ड येईल तो कुरकुरणार, आणि दुसऱ्या खोलीत त्याच्याकडे यायला उत्सुक असा एकजण असणारच. तो आला की पुन्हा कुणीतरी ड सोबत उरतो, पुन्हा तेच. सगळे जागेवर टिकतील अशी वाटणीच नाही. मला मात्र त्या गणितात सारखा ड दिसतो. कुणालाच नको असलेला मुलगा. निवडीचा हक्क दिला की त्याची किंमत तो मोजतो.

अमेरिकेतल्याच ड्यूक विद्यापीठानं 2018 साली पहिल्या वर्षाच्या मुलांची ही निवड बंद केली. कॉलेजात पाऊल टाकण्याआधीच मुलं समाजमाध्यमांवर आपल्यासारखाच जोडीदार हेरून ठेवत होती, हे त्यामागचं कारण.

आपल्याकडे तर हा विचार फार आधी झाला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1896 साली कोल्हापुरात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं, पण ते सर्वांचं राहिलं नाही. मग 1901 पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी राहिली. त्यामुळेच खेड्यातली कितीतरी पोरं शिकली. कोल्हापूरच्या अशाच एका बोर्डिंगात, जैन बोर्डिंगात, भाऊराव पाटील राहिले होते. पुढं 1924 साली त्यांनी साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणली. झोपणं एकत्र, पंगतही एकच. शिवाशिव किती कडक होती त्या काळात! मुलांच्या पोटाला कमी पडू नये म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्या घराचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असं नामकरण झालं.

म्हणून रेक्टरांना माझी विनंती आहे. झोपायची वेळ विचारा, दिवा लागतो का विचारा, कुणाला दमा असेल, पायांचा त्रास असेल तर तेही विचारा. आडनाव, जिल्हा आणि मार्क बाजूला ठेवून चिठ्ठ्या टाका. पहिलं सत्र संपल्यावर खोली बदलायची वाट मोकळी ठेवा. पण छळ किंवा दमदाटी होत असेल तर सत्र संपायची वाट पाहू नका, त्याच रात्री खोली बदलून द्या. आणि पालकहो, फोन जरूर करा, पण तो लेकराला करा. "तुझा पार्टनर कुठला रे? दिवाळीला त्याला घरी घेऊन ये," एवढं सांगा.

नमस्कार.