पडवीतला डाग आणि इंजिनातली गळती

(कुडाळ तालुक्यातील एका ग्रंथालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर 'जुन्या मोटारसायकलच्या तेलगळतीचे निदान' असा विषय छापला आहे आणि त्याखाली 'प्रात्यक्षिकासह' हा शब्द माझ्या संमतीने छापला आहे. प्रात्यक्षिकाची गाडी, म्हणजे माझी जुनी बुलेट, बाहेर पायरीजवळ उभी आहे. तिच्याखाली जो पांढरा पुठ्ठा अंथरला आहे तो ग्रंथपालबाईंच्या आग्रहावरून अंथरला आहे, असे आपल्याला वाटले असेल, आणि त्यांचा आग्रह होताही. परंतु निदानासाठीही तो लागतो, म्हणून त्याकडे आपण शेवटी जाणार आहोत.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगण्याजोगे आहे. तेल जिथे टपकते तिथे ते बहुधा गळत नसते, आणि तरीही आपण, म्हणजे मालक आणि मेकॅनिक दोघेही, पाना नेमका टपकते तिथेच लावतो. ही चूक आपण कोकणातल्या माणसांनी तरी करू नये, कारण कौलारू घरात वाढलेल्या माणसाला गळतीचे शास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही. माजघरात पाण्याचा थेंब पडला म्हणून त्याच्या बरोबर वरचे कौल फुटले आहे, असे कौले परतायला येणारा माणूस कधी समजत नाही. फुटके कौल आढ्याजवळ असते, पाणी रिपेवर उतरते, रिपेवरून वाशावर जाते, वाशाच्या उताराने चार हात खाली येते आणि जिथे एखादा खिळा किंवा गाठ आडवी येते तिथे त्याचा थेंब सुटतो. तो माणूस थेंबाकडे पाहत नाही, वाशावरचा ओला माग पाहत वर चढतो. इंजिनाच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो.

आता माझ्या स्वतःच्या गाडीची हकिकत सांगतो. माझ्या विद्यार्थ्यांनी ती अनेकदा ऐकली आहे. त्यांनी मोबाइल पाहिला तरी माझी हरकत नाही. मी आयटीआयमध्ये निदेशक म्हणून नोकरीला लागलो तेव्हा ही बुलेट सेकंडहँड घेतली. ती जुन्या बिडाच्या इंजिनाची, 346 सीसीची, उजव्या पायाने गिअर टाकायची. घेतल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात पडवीच्या शहाबादी फरशीवर उजव्या बाजूला रुपयाएवढा डाग दिसू लागला. पहिल्या मेकॅनिकने तेल सोडायचा बोल्ट आवळला. दुसऱ्या वेळी त्याने तो इतका आवळला की ॲल्युमिनियमचे आटे गेले, म्हणजे आधी नसलेली गळती आता खरोखरच सुरू झाली. नवे आटे पाडून घेतल्यावर जुना डाग होता तसाच उरला. दुसऱ्या गावच्या दुसऱ्या मेकॅनिकने टायमिंग कव्हर, म्हणजे इंजिनाच्या उजव्या अंगाचे झाकण, उघडून नवे पॅकिंग घातले. महिनाभराने त्याने तेच कव्हर पुन्हा उघडले आणि या वेळी पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना ट्यूबमधले सिलिकॉन एवढे चोपडले की कव्हर बसताना ते बाहेर आले. बाहेर आलेले दिसते आणि बोटाने पुसता येते. आत गेलेले दिसत नाही. पुढच्या खेपेला तेल बदलताना चाळणीवर सिलिकॉनच्या शेवया निघाल्या, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली, कारण त्यातली एखादी शेवई तेलाच्या वाटेत अडकली असती तर डाग जाऊन इंजिनच बसले असते. कारागिराचे नाव मी सांगणार नाही. दर वेळी पैसे मोजून देणारा मीच होतो, आणि मी तर यंत्रे शिकवण्याचा पगार घेत होतो.

त्या काळात माझी आते आमच्याकडे राहायला होती. फरशीवर राख टाकून डाग घासण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले होते, त्यामुळे बोलण्याचा अधिकारही तिचाच होता. मी तिसऱ्यांदा कव्हर उघडायला निघालो तेव्हा ती म्हणाली, "काय रे, माजघरात पाणी गळला तर तू जमीन खणतस काय?"

मंडळी, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मला याहून नेमके वाक्य आजवर सापडलेले नाही.

त्या दिवशी मी काहीही उघडले नाही. सगळे इंजिन रॉकेल आणि ब्रशने धुतले, नंतर साबणाच्या पाण्याने धुतले, उन्हात पूर्ण वाळू दिले आणि मग आतेच्या डब्यातली टाल्कम पावडर सिलिंडरच्या पंख्यांपासून, म्हणजे तो थंड ठेवणाऱ्या कडांपासून, खालपर्यंत सर्वत्र उडवली. पावडर सुवासिक असली तरी चालते. मग गाडी पिंगुळीपर्यंत नेऊन परत आणली आणि विजेरी घेऊन तिच्यापुढे बसलो. टायमिंग कव्हरचा वरचा काठ आणि खालचा बोल्ट दोन्ही ओले होते. तेवढेच पाहून उठलो असतो तर पुन्हा तीच चूक केली असती. परंतु पावडरीवर एक काळी रेघ वर वर जात होती. ती पंख्यांच्या खाचांतून सरकत सरळ हेडपाशी, म्हणजे सिलिंडरच्या माथ्यापाशी, पोहोचली होती. या इंजिनात रॉकरला, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यांना, तेल पोहोचवणारी एक बारीक नळी बाहेरून वर जाते आणि तिच्या टोकाच्या पोकळ बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याचे वायसर, म्हणजे चकत्या, असतात. पूर्वी कोणीतरी नळी काढून तेच जुने, दाबून टणक झालेले वायसर परत बसवले होते. तांबे दाबाखाली टणक होते आणि मग पृष्ठभागाला घट्ट बसत नाही. ते लालबुंद तापवून पाण्यात टाकले की पुन्हा मऊ होते, अर्थात नवे घालणे स्वस्तच पडते. वायसर बदलले आणि डाग थांबला.

येथे आपल्या भागाविषयी दोन शब्द बोलतो. घाटावरच्या गाड्यांपेक्षा आपल्या गाड्यांचे निदान अवघड असते. उन्हाळ्यात जांभ्याची लाल धूळ गळत्या तेलावर बसून तिचा लेप होतो, आणि त्या लेपाखाली तेल कोणत्या दिशेने वाहते हे कळत नाही. पावसाळ्यात चाकाचे पाणी सगळे धुऊन काढते, म्हणून मालकाला वाटते की गळती थांबली. खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी चढते आणि पॅकिंग बसण्याची कडा खडबडीत होते. शिवाय चालत्या गाडीत वारा तेलाला मागे ढकलतो, म्हणून ओल्या भागाचे सर्वांत वरचे टोक जसे शोधायचे तसेच सर्वांत पुढचे टोकही शोधायचे. चेनला घातलेले तेल उडून पुढच्या स्प्रॉकेटपाशी, म्हणजे चेनच्या दातेरी चाकापाशी, साचते आणि त्याला गळती समजून बिचारे गिअर शाफ्टचे ऑइल सील बदलले जाते, हे तर मी दर वर्षी पाहतो.

'बुलेट गळत नसेल तर तिच्यात तेल नाही असे समजावे' हा विनोद आपण सगळेच करतो. त्याने मालकाची समजूत निघते आणि तेल कमी होत राहते.

अध्यक्षांनी घड्याळ वळवून माझ्याकडे केले आहे आणि कट्टा गावच्या मंडळींना शेवटची एसटी गाठायची आहे. मुख्य विषय अजून व्हायचा आहे, म्हणून भरभर सांगतो.

पहिल्यांदा तेल कोणते ते ठरवा. जुन्या बुलेटमध्ये इंजिन, क्लचची चेनकेस, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनची पेटी, आणि गिअरबॉक्स ही तीन स्वतंत्र घरे आहेत, तेव्हा डाग डावीकडे चेनकेसखाली असेल तर इंजिन उघडण्यात अर्थ नाही. ती केस मधल्या एकाच नटावर बसते. तो जास्त आवळला तर झाकण वाकते आणि रबर सील उलट सुटते. स्प्लेंडरसारख्या गाडीत मात्र इंजिन, क्लच आणि गिअर यांना तेल एकच. टू-स्ट्रोक येझदी किंवा आरएक्स 100 घेऊन कोणी आला आणि म्हणाला की गिअरचे तेल कमी होते, जमिनीवर डाग नाही, पण पांढरा धूर फार येतो, तर क्लचच्या बाजूचे क्रँकचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचे, सील गेले आहे आणि तेल आत ओढले जाऊन जळते आहे. बाहेर कितीही शोधले तरी ते सापडणार नाही.

मग तेल केव्हा गळते ते विचारा: उभ्या गाडीत, चालत्या गाडीत की तापल्यावर. गणपतीला मुंबईहून आलेला चाकरमानी शिमग्यापासून उभी असलेली बुलेट सुरू करतो आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, तेलाची धार लागते. यात काहीही फुटलेले नसते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की इंजिनाच्या तेलटाकीतले तेल पंपातून झिरपून क्रँकखाली उतरते आणि सुरू होताच बाहेर फेकले जाते. त्याने आधी तेल मोजायची काडी पाहून, तेल कमी दिसले म्हणून वरून ओतले असेल, तर धार दुप्पट. चार मिनिटे इंजिन चालवून मगच पातळी पाहावी.

आणि एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी ओले दिसले, किंवा नवे सील महिन्यात पुन्हा गळू लागले, तर सीलला दोष देऊ नका. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली हवा दाबतो. ती ब्रीदरमधून जायला हवी. ब्रीदरची नळी चिखलाने किंवा कुंभारमाशीच्या घराने बुजली, अथवा पिस्टनच्या रिंगा झिजून वरचा वायू खाली उतरू लागला, की तो दाब सर्वांत कमकुवत सीलमधून वाट काढतो. ब्रीदर साफ करायला पैसे लागत नाहीत, म्हणूनच तो कोणी साफ करत नाही. सिलिकॉनबद्दल मी मघाशी बोललो आहे. कव्हर उघडलेच तर त्याची कडा जाड सपाट काचेवर ठेवून पाहा, बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळा, आणि मागच्या टायरवर तेल जात असेल तर निदान होईपर्यंत गाडी फोंडा घाटात नेऊ नका.

प्रश्न बाहेर घेऊ. दुपारी मी गाडी धुऊन पावडर मारून आणली आहे, आणि ती एका जागी घामेजते हे मला ठाऊक आहे. जागा सांगत नाही. विजेरी कोणाकडे आहे? पुठ्ठ्यावरचा थेंब आधी पाहा, पण हात लावाल तो वरून.