पेटीत किती, आणि पुढे कुठे?

श्रोतेहो, नमस्कार.

राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस उमटला, की वसईतल्या कॅथलिक घरांत चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. शुक्रवारी मटण-चिकन बंद. मासळी मात्र चालते, आणि वसईकराला मासळी खाण्यात कसला आलाय त्याग, हा भाग वेगळा! याच दिवसांत कॅथलिक शाळांच्या वर्गावर्गांतून एक पेटी फिरते. चॉकलेटचे, वडापावचे वाचवलेले पैसे मुलांनी तिच्यात टाकायचे. ही पेटी फिरवायची कोणी? विद्यार्थी मंडळानं, म्हणजे मुलांच्या भाषेत 'कौन्सिल'नं.

कौन्सिल म्हटलं की आपल्याला दिसतात हेड बॉय, हेड गर्ल, लाल-निळ्या-हिरव्या-पिवळ्या हाउसचे कॅप्टन, छातीवरचे बिल्ले आणि रांगेत बोलणाऱ्यावर डोळे वटारणं. स्नेहसंमेलन, क्रीडादिन, शिक्षकदिन ही कामं ठरलेलीच. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती दुसऱ्याचा पैसा येतो तो या पेटीमुळे. म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर बोलतो.

मुलांकडून असं दान गोळा करण्याची रीत जुनी आहे. 1843 मध्ये फ्रान्समधल्या नान्सीचे बिशप शार्ल द फोर्बिन-जान्सन यांनी मुलांची एक संघटना काढली. तिचा नियम सुटसुटीत होता. दिवसाला मरियामातेची एक छोटी प्रार्थना आणि महिन्याला एक नाणं, दूरदेशीच्या मुलांसाठी. तीच पुढे 'होली चाइल्डहुड' म्हणून जगभर गेली. अमेरिकेत 1975 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउन इथे 'राइस बोल' सुरू झालं. पुठ्ठ्याची छोटी पेटी घरच्या जेवणाच्या टेबलावर ठेवायची, एखाद्या वेळी साधं जेवायचं आणि वाचलेले पैसे तिच्यात टाकायचे. त्यातले 75 टक्के परदेशातल्या कामाला जातात, 25 टक्के आपल्याच धर्मप्रांतातल्या गरजूंसाठी राहतात. आपल्याकडे स्वयंपाकाआधी मूठभर धान्य बाजूला काढून शाळा-वसतिगृहं चालवणारा मुष्टिफंड होताच. पणजीतल्या एका शाळेनं तर तेच नाव धारण केलंय.

राइस बोलमधली मला आवडणारी गोष्ट म्हणजे पैसा कुठे जाणार हे आधीच ठरलेलं असतं. आपल्या बऱ्याच शाळांत नेमकं तेच राहून जातं. त्याऐवजी फळ्यावर तक्ता लागतो. सातवी अ इतके, सातवी ब इतके, सर्वांत जास्त जमवणाऱ्या वर्गाला ढाल. मग काय, शेवटच्या दिवशी एखाद्याचे वडील पाचशेची नोट पाठवतात आणि वर्ग जिंकतो! ज्या मुलानं आठवडाभर वडापाव सोडून पैसे टाकले, त्याचा पत्ताच नाही. मार्कच्या शुभवर्तमानात मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणारी गरीब विधवा आहे. येशू म्हणतो, सर्वांत जास्त हिनंच टाकलं. हा उतारा सकाळच्या प्रार्थनेत वाचायचा आणि अकरा वाजता तक्ता लावायचा, हे मला पटत नाही.

आता यूपीआय आलं. पोरांच्या खिशात सुटे पैसेच नसतात. 'पप्पा, शाळेच्या नंबरवर पाठवा ना,' असं म्हटलं की काम झालं. रक्कम वाढली असेल, पण त्यात मुलानं काय सोडलं? यापेक्षा वस्तू बऱ्या. मूठभर तांदूळ, साबणाची वडी, वह्या. फक्त जुने कपडे मागवताना सांभाळा. पुराच्या वेळी आलेल्या ढिगांत फाटके, बटणं तुटलेले कपडे किती निघतात, हे निवडायला बसणाऱ्यांना विचारा. कौन्सिलच्या मुलांना एकदा तरी त्या निवडकामाला बसवावंच.

या शाळांत शिकणारी कितीतरी मुलं कॅथलिक नसतात. तरी उपवासकाळ त्यांना समजावून सांगावा लागत नाही. कुणाच्या घरी श्रावणी सोमवार असतो, कुणाकडे रोजा. अडचण येते ती हिशेबाची.

मोजणी दोघांनी करावी, तिसऱ्यानं वहीत लिहावं, शिक्षकांनी सही करावी. मुलं पैसे मोजताना चुकतात, पुन्हा मोजतात. चुकू द्यावं, ती वेळ वाया जात नाही. वर्गवार आकडे नकोत, सगळ्या शाळेची मिळून एकच बेरीज फलकावर लावावी. तिच्याशेजारी पावती. वृद्धाश्रमाला किराणा दिला तर किराण्याचं बिल. मात्र पिशवी घेणाऱ्या आजीचा फोटो नको.

जूनमध्ये शाळा उघडतील, थोड्याच दिवसांत नवं कौन्सिल मेणबत्ती हातात धरून शपथ घेईल. शिस्त, सेवा, शाळेचा मान हे शब्द त्या शपथेत असतात. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, त्यात आणखी एक वाक्य घालावं: 'गोळा केलेल्या पैशाचा हिशेब आठ दिवसांत फलकावर लावीन.'

नमस्कार.