आधी दिलं, मग मागितलं

(दृश्य : पाच आयरिश पौंडांची जुनी नोट. कॅमेरा हळूहळू जवळ.)

ही नोट आज कुठल्याही दुकानात चालत नाही. युरो आला आणि २००२ साली आयरिश पौंड व्यवहारातून गेला. पण १९९४ मध्ये निघालेली ही नोट अनेकांनी घरात जपून ठेवली आहे. तिच्यावर डोकं झाकलेल्या एका धर्मभगिनीचा चेहरा आहे आणि तिच्यामागे रुग्णालयाची इमारत. नोट उलटली की शाळेचा वर्ग दिसतो. बाकांवर मुलं, फळ्यावर आयरिश भाषेतली कविता.

या कॅथरीन मॅकॉली, 'सिस्टर्स ऑफ मर्सी' या संघाच्या संस्थापिका. त्यांच्या परंपरेतल्या शाळा आज जगभर आहेत. दरवर्षी २४ सप्टेंबरच्या सुमाराला या शाळांमध्ये स्टॉल लागतात, केक विकले जातात, मदतीचे डबे फिरतात. ही मुलं नेमका कोणाचा आणि कसला वारसा चालवतात, ते शोधायला आपण डब्लिनला आलो आहोत.

(दृश्य : डब्लिन, बॅगट स्ट्रीट. विटांची मोठी इमारत, मग तिचं दार.)

कॅथरीन यांचे वडील त्या लहान असतानाच वारले. रविवारी गरीब मुलांना घरी बोलावून धर्मशिक्षण देणारे वडील, एवढी आठवण मागे राहिली. पुढे आईही गेली. नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढल्यावर त्या डब्लिनजवळच्या कूलॉकच्या कॅलाहन दांपत्याकडे राहायला गेल्या. या दांपत्याला मूलबाळ नव्हतं. कॅथरीन यांनी दोघांचीही अखेरपर्यंत सेवा केली. १८२२ साली विल्यम कॅलाहन गेले आणि घरासकट सुमारे २५,००० पौंडांची मालमत्ता कॅथरीन यांच्या नावावर झाली. त्या काळात एवढ्या पैशात एका माणसाचं आयुष्य ऐषारामात गेलं असतं.

त्यांनी घर बांधायला काढलं, तेही श्रीमंतांच्या वस्तीत. गरिबांसाठी घर बांधायचं तर ते शहराच्या कडेला, कोणाच्या नजरेला पडणार नाही असं, हा सोयीचा विचार त्यांनी केला नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांना ज्यांच्याकडे नाही ते रोज दिसले पाहिजेत, अशी ही जागा होती.

घराची गरज का वाटली, याबद्दल चरित्रकार एक प्रसंग सांगतात. एक मोलकरीण त्यांच्याकडे आली. मालकाच्या घरात तिची अब्रू सुरक्षित नव्हती. कॅथरीन यांनी एका आश्रयगृहाकडे तिच्यासाठी शब्द टाकला. तिथे उत्तर मिळालं की समितीची बैठक होईपर्यंत थांबावं लागेल. बैठक होईपर्यंत उशीर झाला होता. गरिबाला मदत आज हवी असते, पुढच्या आठवड्यात नव्हे, हे त्यांचं म्हणून सांगितलं जाणारं वाक्य भिंतीवरच्या सुविचारासारखं वाचू नये. त्याच्यामागे ही मुलगी उभी आहे.

२४ सप्टेंबर १८२७ रोजी, दयामाता मरियेच्या सणादिवशी, हे दार उघडलं. आत मुलींची शाळा होती आणि कामाच्या शोधात शहरात आलेल्या तरुणींसाठी निवारा.

(दृश्य : जुन्या हस्ताक्षरातली पत्रं, हिशेबाच्या वह्या.)

वारशाची गोष्ट सगळेच सांगतात. मला त्यापुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते, कारण पैसा संपत गेला. घर बांधून झालं तरी त्यातली माणसं रोज जेवणार होती. कूलॉकचं घरही विकलं गेलं. मग कॅथरीन यांनी दुसरं काम हाती घेतलं. ते देण्यापेक्षा अवघड होतं. त्या मागायला लागल्या.

चर्चमध्ये मदतनिधीसाठी खास प्रवचन ठेवलं जाई आणि ते संपलं की लोकांपुढे ताट फिरे. दरवर्षी बाजार भरे, त्यात हाताने विणलेल्या, शिवलेल्या वस्तू विकायला असत. नाताळच्या दिवशी गरीब मुलांना जेवण असे आणि खुद्द डॅनियल ओकॉनेल त्यांना वाढायला उभे राहिले होते. कॅथलिकांच्या हक्कांसाठी लढणारा, सगळा आयर्लंड ज्याला ओळखत होता असा नेता लहान मुलांच्या पानात मांस कापून वाढत होता! त्या ताटांकडे शहराचं लक्ष गेलं नसतं तरच नवल.

सगळे बेत साधले असं नाही. उत्पन्नासाठी काढलेल्या धुलाईघराने आधी खर्चच वाढवला. डब्लिनजवळच्या किंग्सटाउनला शाळेच्या बांधकामाचे पैसे कोणी द्यायचे, हा वाद कोर्टापर्यंत गेला आणि तिथला मठ काही काळ बंद करावा लागला. ही बाजू शाळेतल्या मुलांना आवर्जून सांगावी असं मला वाटतं. निधी उभा करणं म्हणजे कधी कमी पडणं, कधी चुकणं, आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा लोकांच्या दारात जाणं.

दारात जाणं हे तर शब्दशः खरं होतं. कॅथरीन यांना आधी धर्मभगिनी व्हायचंच नव्हतं. डब्लिनचे आर्चबिशप मरे यांच्या सांगण्यावरून त्या आणि दोन सोबतिणी तयार झाल्या आणि १२ डिसेंबर १८३१ रोजी त्यांनी व्रतं घेतली. त्या काळच्या बहुतेक धर्मभगिनी मठाच्या भिंतींआड राहत. या मात्र आजाऱ्यांच्या घरी चालत जायच्या, म्हणून लोकांनी त्यांना 'चालणाऱ्या नन्स' म्हटलं. १८३२ मध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा टाउनसेंड स्ट्रीटच्या रुग्णालयात त्या रोग्यांच्या उशाशी होत्या.

(दृश्य : एक साधी खोली. खिडकीतून उजेड. टेबलावर चहाचा कप.)

११ नोव्हेंबर १८४१. कॅथरीन यांचा हा शेवटचा दिवस. भोवती रडणाऱ्या सोबतिणी. मरणाच्या दारात त्यांनी एक निरोप दिला. मी गेल्यावर सगळ्यांना चांगला चहा द्या, सगळ्या मिळून बसा, एकमेकींना धीर द्या.

हा निरोप आपल्यापर्यंत आला तो मेरी व्हिन्सेंट व्हिटी या तरुण सिस्टरच्या पत्रातून. वीस वर्षांनी, १८६१ मध्ये, याच व्हिटी बोटीने ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला उतरल्या आणि त्याच वर्षी तिथे ऑल हॅलोज शाळा सुरू झाली. त्यांच्याआधी १८४६ मध्ये उर्सुला फ्रेन पर्थला पोचल्या होत्या. कॅथरीन यांना त्यांनीही जवळून पाहिलं होतं. पर्थला पैशाची इतकी चणचण होती की निधी गोळा करायला फ्रेन यांना समुद्र ओलांडून पुन्हा युरोपला जावं लागलं. मागायला लाजू नये, हे त्या बॅगट स्ट्रीटवरच शिकल्या असाव्यात.

(दृश्य : ऑस्ट्रेलियातल्या एका मर्सी शाळेचं पटांगण. मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपवून बाहेर येणाऱ्या मुली. स्टॉल, फुगे, रांगा.)

आज २४ सप्टेंबर, मर्सी डे. सकाळी प्रार्थना आणि मग हा सगळा गलबला. घरून भाजून आणलेले केक, चेहरे रंगवून देणारा स्टॉल, शिक्षकांवर पाणी ओतण्याची बोली. गोळा झालेला पैसा इथल्या अनेक शाळा 'मर्सी वर्क्स'कडे पाठवतात. ही संस्था ऑस्ट्रेलियात आणि शेजारच्या पापुआ न्यू गिनी व पूर्व तिमोरमध्ये काम करते.

यातल्या बऱ्याच मुलींची घरं सुखवस्तू आहेत. आईवडिलांनी एक चेक दिला तर यापेक्षा मोठी रक्कम दहा मिनिटांत जमेल, असं कोणी म्हणेलही. रकमेपुरतं ते खरं आहे. पण चेक देऊन मुलीला अनोळखी माणसासमोर डबा धरून उभं राहावं लागत नाही. समोरचा नाही म्हणून पुढे गेला, की तोंडावर हसू ठेवून पुढच्याला विचारावं लागत नाही. पैसा कुठे जाणार हे चार वाक्यांत सांगता यावं म्हणून आधी ते नीट समजून घ्यावं लागत नाही. कॅथरीन यांचा हा दुसरा अर्धा वारसा मुलींच्या हातात येतो तो या डब्यातूनच.

(दृश्य : संध्याकाळ. वर्गात बाकं जोडून केलेलं टेबल. नाण्यांचे ढीग.)

स्टॉल आवरले गेले. पाच-सहा मुली मोजणीला बसल्या आहेत. दहा-दहाच्या चळती रचतात, चुकतात, पुन्हा मोजतात. कडेला शिक्षिकेने किटली ठेवली आहे. पाणी उकळलं. मुलींनी नाणी बाजूला सारून कपांसाठी जागा केली.