चहाच्या कपावरचं चाक

हा साधा चहाचा कप, वाफाळता. त्यावर तळहाताएवढं यंत्र ठेवलंय: दोन पत्रे, मधे कोंडलेली हवा, वर एक चाक. चाकाला बोटानं जरासं ढकललं... आणि ते फिरतच राहिलं. ना वीज, ना पेट्रोल.

आत फोमची सैल चकती खालीवर होतेय, बघा. ती वर गेली की हवा खालच्या तापल्या पत्र्यापाशी येते, फुगते, छोट्या दट्ट्याला ढकलते. चकती खाली आली की हवा वरच्या गार पत्र्याशी जाऊन आक्रसते आणि दट्ट्या मागे ओढला जातो. हवा तीच. बाहेर काही जात नाही, नवं काही येत नाही.

या जातीच्या इंजिनाचं पेटंट रॉबर्ट स्टर्लिंग यांचं, १८१६ सालचं. वय पंचवीस, राहणार स्कॉटलंड, आणि पेशानं चक्क धर्मोपदेशक! वाफेच्या इंजिनांचे बॉयलर फुटून माणसं मरत, ते बघवेना म्हणून त्यांनी हे इंजिन घडवलं, असं सांगतात. गोष्ट छान आहे. पण पेटंटचा मथळा सुरू होतो तो इंधन वाचवण्यापासून.

आणि खरी करामतही तिथंच आहे. गरम बाजूकडून गार बाजूकडे जाताना हवा बारीक फटींमधून जाते, उष्णता तिथंच ठेवते आणि परतताना उचलून घेते. थंडीत तोंडावर मफलर गुंडाळतो ना? उच्छ्वासाची ऊब लोकरीत राहते, पुढचा श्वास ती घेऊन आत येतो. अगदी तसंच.

१८४३ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात, एका फाउंड्रीत म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, असं मोठं इंजिन चालू झालं. धाकटा भाऊ जेम्स इंजिनिअर, त्याची साथ होती. पण बिडाच्या सिलिंडरचा तळ सतत आगीवर. बॉयलरमध्ये निदान पाणी तरी धातूला सांभाळून घेतं; इथं नुसती हवा. तळ जळायचा, बदलायचा, पुन्हा जळायचा. शेवटी फाउंड्री वाफेच्या इंजिनावर परतली. १८७६ मध्ये म्हाताऱ्या स्टर्लिंगनी लिहिलं, की तेव्हा बेसेमरच्या पद्धतीचं, नंतर निघालेलं पोलाद हाताशी असतं तर हे इंजिन टिकलं असतं.

आज स्वीडनच्या गॉटलंड वर्गातल्या पाणबुड्या पाण्याखाली याच तत्त्वावर वीज करतात. सोबत नेलेल्या द्रवरूप ऑक्सिजनवर डिझेल संथ जळतं. सिलिंडरमध्ये स्फोट नाहीत, म्हणून आवाजही कमी.

आपला चहा निवला. चाक थांबलं. आता हेच यंत्र बर्फाच्या वाटीवर ठेवू. बोट लावलं... फिरलं. पण या वेळी उलटं.