आयपी अ‍ॅड्रेस सापडला म्हणजे घर सापडलं का?

श्रोतेहो, नमस्कार.

फसवणुकीच्या फोनवर अशी धमकी हमखास ऐकू येते: “तुमचा आयपी अ‍ॅड्रेस आमच्याकडे आलाय, तुमच्या घरून नको ते पाहिलं गेलंय, दंड भरा.” बोलणाऱ्याचा ठसका असा की भल्याभल्यांच्या पोटात गोळा यावा. तेव्हा आज जरा या आयपी अ‍ॅड्रेसचीच झडती घेऊ.

मोबाइलवर काही मागवलं की ते कुठे पोचवायचं, हे इंटरनेटला कळावं लागतं. त्यासाठीचा हा पत्ता. १९८१ पासून चालत आलेल्या जुन्या पद्धतीत टिंबांनी तोडलेले चार आकडे असतात, प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. असे पत्ते होतात सुमारे ४२९ कोटी. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातला शेवटचा गठ्ठाही वाटून झाला. मग इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांनी सरसकट एकेका पत्त्यावर कितीतरी ग्राहक बसवायला सुरुवात केली.

पूर्वी गल्लीत फोन एकट्या किराणा दुकानात असायचा, आठवतं ना? नंबर दुकानाचा, बोलणारी अख्खी गल्ली. तसंच हे. यावलचा केळीवाला आणि शहाद्याची कॉलेजात जाणारी पोरगी बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून आलेली दिसू शकतात. रावेरात बसून हवामान बघावं आणि वेबसाइटने मुंबईचा पाऊस दाखवावा, तो यामुळेच. तिला कंपनीचं दार दिसतं, तुमचं अंगण नाही. आणि घरच्या वायफायच्या सेटिंगमध्ये १९२.१६८ ने सुरू होणारा जो पत्ता दिसतो, तो फक्त घरातल्या घरात चालतो. शिरपुरात शेजाऱ्याकडेही अगदी तोच असेल.

आयपीव्ही६ नावाची नवी पद्धत आली आहे, तिच्यात पत्त्यांची ददात नाही, आणि आपल्याकडचे बरेच मोबाइल ती वापरतातही. पण तिथेही नुसत्या आकड्यांवरून तुमचं नाव आणि घर नंबर कुणाला वाचता येत नाही.

मग कुणालाच कळत नाही का? कळतं. कोणत्या क्षणी कोणता पत्ता कुणाकडे होता, याची नोंद इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे असते. ती मागण्याचा अधिकार पोलिसांना आहे, फोनवरच्या भामट्याला नाही. त्यामुळे दंडबिंड मागणाऱ्याचा फोन बेलाशक कापा. मात्र व्हीपीएन, म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्याच कुणामार्फत फिरवून नेणारी सोय, लावलं की आपण अदृश्य झालो, असं मानणाऱ्या पोरांनीही जरा दमानं घ्यावं. वेबसाइटपासून पत्ता लपतो, पण व्हीपीएनवाल्याला तो दिसतोच.

खरी काळजी मला वाटते ती दुकानात, गोदामात बसवलेल्या कॅमेऱ्यांची. घरबसल्या बघता यावं म्हणून काही जण कंपनीला जादा पैसे देऊन कायमचा, न बदलणारा पत्ता घेतात. बसवणारा कॅमेऱ्याचा रस्ता बाहेरून मोकळा करून देतो आणि पासवर्ड ठेवतो कारखान्यातून आलेला, ‘अ‍ॅडमिन’. असे उघडे पत्ते दिवसरात्र चाचपणारी यंत्रं जगभर चालू असतात. त्यांना तुमचं गाव माहीत असायची गरजच नसते. आज घरी गेल्यावर कॅमेऱ्याचा आणि राउटरचा, म्हणजे वायफायच्या डब्याचा, असे दोन्ही पासवर्ड बदलून टाका.

आणि पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. तक्रारीत वेळ मिनिटासकट सांगा, कारण रात्री भामट्याकडे असलेला पत्ता सकाळी भलत्याच माणसाकडे गेलेला असू शकतो.