राणीबागेतल्या काचपेट्या

[दृश्य : सकाळ. राणीबागेचे प्रवेशद्वार, तिकिटाची रांग, मुलांचा गलका.]

भायखळा स्थानकाच्या पूर्वेला उतरून राणीबागेकडे निघालेल्या गर्दीला आजकाल बहुधा पेंग्विन पाहायचे असतात. उद्यानाचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे, त्याआधी ते व्हिक्टोरिया गार्डन्स होते. परंतु मुंबईकरांनी ही दोन्ही नावे कागदावर ठेवून आपले 'राणीबाग' चालूच ठेवले. प्रवेशद्वाराजवळच एक देखणी जुनी इमारत उभी आहे. तिचेही नाव एकदा बदलले आहे. पूर्वीचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखले जाते. मुंबईतले हे सर्वांत जुने संग्रहालय. आपण येथे जी गोष्ट सांगणार आहोत, ती या संग्रहालयातील वस्तूंची कमी आणि त्या वस्तूंच्या मांडणीची जास्त आहे.

[दृश्य : तळमजल्यावरील दालन. सागवानी कपाटे, काचेआड भांडी, कोरीवकाम.]

१८५१ मध्ये लंडनला भरलेल्या महाप्रदर्शनानंतर युरोपात अशा प्रदर्शनांची लाटच आली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून कारागिरीचे आणि कच्च्या मालाचे नमुने गोळा करण्यात आले, आणि तशाच नमुन्यांचा एक संच मुंबईतही ठेवावा, या विचारातून मुंबईच्या फोर्ट भागातल्या लष्करी बराकीत एक छोटे संग्रहालय सुरू झाले. १८५७ च्या उठावाच्या काळात सैन्याला ती जागा हवी झाली, तेव्हा सगळा संग्रह घाईघाईने बाहेर काढण्यात आला आणि त्याची बरीच हेळसांड झाली. त्यानंतर डॉ. जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेठ आणि डॉ. भाऊ दाजी यांच्यासारख्या मंडळींनी शहरासाठी स्वतंत्र संग्रहालय उभारण्याचे मनावर घेतले. १८६२ मध्ये पायाभरणी झाली. पण अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या भावात आलेली तेजी १८६५ मध्ये ओसरली, शेअरबाजार कोसळला आणि वर्गणीचा ओघ आटला. अखेर १८७२ च्या मे महिन्यात इमारत लोकांसाठी खुली झाली. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झालेले, शिलालेख वाचण्यात रमणारे आणि दोनदा मुंबईचे शेरीफ राहिलेले भाऊ दाजी त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७४ मध्ये वारले.

या सगळ्या इतिहासात 'नमुना' हा शब्द ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आरंभीचे संग्रहालय मुळात मालाच्या नमुन्यांचे होते. कोणत्या प्रांतात कोणते लाकूड मिळते, कोणता डिंक, कोणते कापड, कोणती मातीची भांडी, हे व्यापाऱ्याला आणि राज्यकर्त्याला एका फेरीत कळावे, अशी ती मांडणी असे. ज्या कारागिराच्या हातून ती वस्तू घडली, त्याचे नाव चिठ्ठीवर येण्याचे कारणच नव्हते, कारण नमुन्याला कर्ता नसतो. त्याला फक्त प्रकार असतो.

[दृश्य : वरचा मजला. मातीच्या छोट्या आकृती, पगड्या घातलेली मस्तके.]

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत या कपाटांत माणसेही आली. वीतभर उंचीच्या रंगवलेल्या मातीच्या आकृतींतून मुंबईतल्या जाती-जमाती, त्यांचे पोशाख आणि त्यांचे धंदे दाखवले गेले. कोणती पगडी कोणाची हे सांगण्यासाठी नुसती मस्तके ओळीने मांडली गेली. या आकृती फार गोड आहेत, आणि हे मान्य केल्याशिवाय त्यांच्याविषयी बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. लुगड्याची चुणी, खांद्यावरच्या ओझ्याने किंचित कललेली मान, हे सारे पाहण्यात वेळ कसा जातो ते कळत नाही. मात्र शेजारच्या कपाटातल्या भांड्यांना जो नियम लागू आहे, तोच यांनाही आहे. ही माणसे कोणी व्यक्ती नाहीत. ती त्या त्या प्रकाराची प्रातिनिधिक उदाहरणे आहेत. त्यांना पाहणारा मात्र कपाटात कुठेच नाही.

त्यानंतर बराच काळ इमारतीची दुर्दशा होत गेली. २००३ मध्ये मुंबई महापालिका, वारसा जतन करणारी संस्था इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला, वास्तुसंवर्धक विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली काम झाले, छतावरचा सोन्याचा मुलामा आणि भिंतींवरची नक्षी पुन्हा उजळली. या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले.

इथेच थांबता आले असते. जुनी इमारत चकचकीत करावी, कपाटांना पॉलिश करावे, एखाददुसरा स्पर्शपडदा बसवावा आणि 'आधुनिकीकरण झाले' म्हणून फीत कापावी, ही आपल्याकडची परिचित रीत आहे. असे पडदे वार्षिक देखभालीचा करार संपला की काळे पडतात आणि मग त्यांच्यावर 'बंद आहे' असा कागद चिकटवला जातो, हेही तितकेच परिचित आहे. या संग्रहालयाने निराळी वाट धरली. तस्नीम झकारिया मेहता यांच्या संचालकत्वाखाली आजच्या चित्रकारांना आणि शिल्पकारांना येथे बोलावण्यात आले, आणि रिकामी पांढरी भिंत मागण्याऐवजी याच जुन्या कपाटांना, याच संग्रहाला उत्तर देण्याचे काम त्यांच्यापुढे ठेवण्यात आले.

[दृश्य : काचपेटीतील सूक्ष्म आकृतींचा समूह, कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

२०११ मध्ये चित्रकार जितीश कल्लाट यांचे प्रदर्शन येथे भरले. त्यातील एका लांब काचपेटीत रंगवलेल्या छोट्या छोट्या मानवी आकृती होत्या. वरच्या मजल्यावरची मातीची मुंबई पाहून आलेल्या माणसाला प्रथमदर्शनी वाटावे की हा त्याच मालिकेतला पुढचा देखावा, एखादा गजबजलेला रस्ता. जवळ वाकून पाहिले की ध्यानात येई, हे लोक एकमेकांवर तुटून पडले आहेत; ही दंगल आहे. कोण कोणत्या जमातीचा, हे पोशाखावरून ओळखण्याची जी सवय वरच्या दालनाने नुकतीच आपल्याला लावली, तीच सवय दंगलीत कोणत्या कामी येते, हे मुंबईकराला वेगळे सांगावे लागत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या गोड आकृती त्यानंतर पूर्वीसारख्या दिसत नाहीत. त्यांच्या चिठ्ठीतले एक अक्षरही बदललेले नसते; बदलते ते पाहणाऱ्याचे वाचन.

याच प्रदर्शनात दालनात बांबूच्या परांचीसारखी एक रचना उभारलेली होती. नुकतेच डागडुजीतून बाहेर आलेल्या इमारतीत पुन्हा परांची पाहून, काम अजून संपले नाही वाटते, असे कोणी म्हणाले असेल तर ते चुकीचे नव्हते.

[दृश्य : इमारतीची दर्शनी बाजू. खांबांवरून पसरलेले प्रचंड जाळे.]

दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, चित्रकार रीना कल्लाट यांनी संग्रहालयाच्या दर्शनी भागावर कोळ्याच्या जाळ्यासारखे एक अवाढव्य जाळे टांगले. ते रबरी शिक्क्यांचे होते, आणि त्या शिक्क्यांवर मुंबईतील रस्त्यांची बदलून गेलेली, वसाहतकाळातली नावे होती. हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी रस्ता झाला, तशी कितीतरी नावे या शहराने पुसली आणि नवी लिहिली. कार्यालयातल्या बाबूच्या टेबलावर असतो तोच हा शिक्का, ज्याच्यावाचून कोणतेही नाव खरे ठरत नाही आणि ज्याच्या एका ठोक्यासरशी जुने नाव खोटे होते. जाळे जिच्यावर टांगले होते, ती इमारत आणि जिच्यात ती उभी आहे ती बाग, दोघींचीही नावे अशाच शिक्क्यांनी बदललेली असल्यामुळे त्या कलाकृतीला याहून योग्य भिंत मुंबईत मिळाली नसती.

अशा प्रयोगांतली एक अडचण मात्र झाकून ठेवता येत नाही. पेंग्विन पाहून आलेले कुटुंब दंगलीच्या काचपेटीपाशी थांबते, क्षणभर गोंधळते आणि भिंतीवरच्या मजकुराकडे वळते. त्या वेळी समोरचा मराठी मजकूर इंग्रजीची ओढूनताणून केलेली सावली असेल, तर ते कुटुंब पुढे निघून जाते. समकालीन कलेविषयी आपल्याकडे लिहिले जाणारे पुष्कळसे फलक-लेखन असे असते, की त्यापेक्षा कोरी भिंत बरी वाटावी. नवी मांडणी करताना खर्चाच्या अंदाजपत्रकात प्रकाशयोजनेला जागा असते, तशी चांगल्या मराठी लेखकालाही असली पाहिजे.

[दृश्य : इमारतीबाहेर. दगडी हत्ती.]

आता बाहेर येऊ. हा दगडी हत्ती मूळचा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, उचलताना तो कोसळला आणि फुटला. तुकडे या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये ते पुन्हा जोडण्यात आले. सांधे आजही शोधल्यास दिसतात. इंग्लंडला पोहोचला असता तर तोही एखाद्या मोठ्या दालनात पूर्वेकडच्या शिल्पकलेचा नमुना म्हणून उभा राहिला असता.

[दृश्य : झाडांच्या सावलीत ओळीने उभे पुतळे.]

इमारतीच्या आवारात आणखी काही पाहुणे आहेत. स्वातंत्र्यानंतर शहरातल्या चौकांतून हटवलेले ब्रिटिश राज्यकर्त्यांचे पुतळे येथे आणून ठेवले आहेत. चौकात असताना त्यांच्याकडे मान वर करून पाहावे लागे. उंच चौथरे तिथेच राहिले आणि पुतळे तेवढे इथे आले. राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा त्यांतच आहे. आत, दालनाच्या मध्यभागी, तिचा नवरा अल्बर्ट, शिल्पकार मॅथ्यू नोबलने घडवलेल्या रूपात, व्यापारी डेव्हिड ससून यांनी कोरून घेतलेल्या इंग्रजी आणि हिब्रू मजकुरावर, सोनेरी छताखाली उभा आहे. बाहेर राणी झाडाखाली आहे, नाक फुटलेले आहे, आणि बागेतून चुकून इकडे आलेले एखादे पोर तिच्या जवळ जाऊन, 'ही कोण?' असे आईला विचारते.